अंतरपाट एकदाच बाजूला होतो

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, चोवीस वर्षं झाली. थोरली मुलगी बी.एड. करून नोकरीला लागली. धाकटी पुण्यात जर्मन घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला वाटलं होतं भाषांतराचं, नाहीतर एखाद्या आयटी कंपनीत काम मिळेल. दिवाळीला घरी आली ती गिझेला टुख्टेनहागेन नावाच्या कुण्या जर्मन कॅमेरावाल्या बाईंचं वेड घेऊन. म्हणते, मलाही माहितीपटाचा कॅमेरा करायचाय आणि तो शिकायला जर्मनीला जायचंय. मुलींनी काम करायला माझा विरोध नाही. आमच्या शॉपवर सीएनसी मशीनला मुली आहेत, चांगलं काम करतात. पण कॅमेऱ्यावर पोट भरतं का? ही बाई जन्मभर हेच करत होती का? एवढं वजन खांद्यावर घेऊन मुलीने कुठं कुठं हिंडायचं? आमच्या ओळखीत लग्नाचं शूटिंग करणारे दोघं आहेत, त्यांच्याकडे शिकायला ठेवतो म्हटलं तर दोन दिवस बोलली नाही.
– एक वडील, नाशिक

उत्तर : नमस्कार.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती तुम्ही पाहिली होती की नाही कोण जाणे. ‘बाबांना सांगा, मला लग्नाचे व्हिडिओ नाही काढायचे.’ म्हणजे पत्र एक आणि पत्र लिहिणारे दोघं. उत्तरही दोघांना देते, आणि आधीच सांगून ठेवते की लग्नाच्या शूटिंगच्या बाबतीत मी वडिलांच्या बाजूने आहे.

पण आधी त्या बाई.

गिझेला टुख्टेनहागेन यांचा जन्म १९४३ सालचा, क्योस्लिनचा. त्या दोन वर्षांच्या व्हायच्या आत युद्ध संपलं आणि ते गाव पोलंडकडे गेलं; आज त्याला कोशालिन म्हणतात. त्या आधी फोटोग्राफर झाल्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बर्लिनच्या फिल्म अकादमीत दाखल झाल्या. ही अकादमी १९६६ मध्ये उघडलेली, आणि शांतपणे शिकत बसावं असं तिथलं वातावरण नव्हतं. १९६८ साली तिथून एका दमात १८ विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्याच सुमारास क्लाउस विल्डेनहान तिथे शिकवायला येऊ लागले. ते हॅम्बुर्गच्या एनडीआर या सार्वजनिक वाहिनीत नोकरीला होते आणि स्वतः माहितीपट करत. टुख्टेनहागेन यांचं पुढचं बरंचसं काम ठरलं ते या भेटीमुळे.

विल्डेनहान यांनी धडा घेतला होता अमेरिकेतल्या लीकॉक, पेनबेकर वगैरे माहितीपटवाल्यांकडून. माणसांना उभं करून ‘आता पुन्हा एकदा तसंच करा’ म्हणायचं नाही. दिव्यांची आरास करायची नाही. निवेदकाचा भारदस्त आवाज वरून ओतायचा नाही. जिथे काही घडतंय तिथे जाऊन राहायचं, लोकांना आपली सवय होऊ द्यायची आणि घडेल ते टिपायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, यात कॅमेरा चालवणाऱ्याकडे दिग्दर्शकाचं अर्धं काम येतं. कुणाकडे वळायचं, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे त्या क्षणी त्याच्या कानात सांगणारं कुणी नसतं.

त्यांची टोळी दोघांचीच. कॅमेरा टुख्टेनहागेन यांच्या खांद्यावर. माइक आणि टेपरेकॉर्डर घेऊन बाजूला विल्डेनहान. हे लक्षात ठेवा. गुरू, वयाने तेरा वर्षांनी मोठे, वाहिनीत कायम नोकरीला, आणि आवाज धरून उभे राहत ते. चित्र बाईंचं.

या जोडीने १९७४ च्या आसपास उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्यांवर काम केलं. त्याआधी १९७१ मध्ये, १९२३ सालच्या हॅम्बुर्गच्या कम्युनिस्ट उठावात भाग घेतलेल्या म्हाताऱ्यांना बोलतं करणाऱ्या फिल्ममध्येही त्या होत्या. पण तुम्ही बघायला हवं असं काम त्यानंतरचं आहे. त्याचं नाव ‘एम्डेन गेट नाख ऊएसआ’, म्हणजे ‘एम्डेन अमेरिकेला जातं’.

एम्डेन हे समुद्रकाठचं गाव. तिथे १९६४ साली फोक्सवागनने कारखाना काढला तोच मुळी बंदर जवळ म्हणून. गाडी तयार झाली की जहाजात, जहाज अमेरिकेला. भोवतालचा सगळा मुलूख शेतीचा आणि मासेमारीचा. पोरांनी शेती सोडली, कारखाना धरला, कर्ज काढून घरं बांधली. (सातपूरला तुमच्या पिढीने काय केलं ते मी सांगायला नको.) मग १९७३ चं तेलसंकट आलं, गाड्यांचा खप पडला, कामगारकपात सुरू झाली. आणि त्यातच बातमी फुटली की कंपनी अमेरिकेतच कारखाना काढणार. तिकडेच गाड्या बनणार असतील तर एम्डेनने बनवायचं काय? १९७५-७६ मध्ये टुख्टेनहागेन आणि विल्डेनहान तिथे होते. कामगारांच्या सभा, युनियनच्या प्रतिनिधींची आपसातली खडाखडी, घरातली बोलणी हे सगळं त्यांनी कित्येक महिने टिपलं. एकाच बैठकीत सगळ्याचा निकाल लागला, असं काही झालं नाही. कंपनीने पेनसिल्व्हेनियात कारखाना काढायचं ठरवलं, १९७८ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आणि त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत बनलेली फोक्सवागनची शेवटची साधी (उघड्या टपाची नव्हे) बीटल निघाली, ती एम्डेनमधूनच.

फिल्म कित्येक भागांची आहे, लांबलचक. ती आज पाहताना जाणवतं की टेबलावर मूठ आपटणाऱ्या पुढाऱ्याइतकाच कॅमेरा ऐकणाऱ्यांकडे बघत राहतो. सभेत बोलणारा सापडणं सोपं असतं. ऐकणारा ज्या क्षणी मनातून खचतो तो क्षण सापडायला तिथे महिनोन्‌महिने राहिलेला माणूस लागतो. माझ्या मते टुख्टेनहागेन यांचं सगळं कौशल्य इथे आहे, आणि ते कुठल्याही शाळेत सत्र एक, सत्र दोन करून शिकवता येत नाही.

आता तुमची ती सीएनसीवरच्या मुलींची ओळ. १९७७-७८ मध्ये टुख्टेनहागेन यांनी मोनिका हेल्ड यांच्याबरोबर एक फिल्म केली, ‘सिंग, इरिस, सिंग’. तिचं उपशीर्षक सरळ आहे : बायका पुरुषांचे व्यवसाय शिकतात. आपल्याला वाटतं युरोपात हे पहिल्यापासून सुरळीत असेल. तर पश्चिम जर्मनीत १९७७ च्या मध्यापर्यंत कायदाच असा होता की लग्न झालेल्या बाईने नोकरी करावी, पण घरसंसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच. तो बदलला आणि लगेचच ही फिल्म आली. यंत्रावर उभी राहायला शिकणाऱ्या बायका, आणि त्यांच्यासमोर कॅमेरा घेतलेली अशी एक बाई, जिच्या स्वतःच्या धंद्यातही बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सिनेमात काम करणाऱ्या जर्मन बायकांनी १९७९ मध्ये जाहीरनामा काढून निधी, नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागा यांत निम्मा वाटा मागितला, तो काही हौस म्हणून नव्हे.

तुम्ही शॉपवरच्या मुलींना मान्यता दिलीत, कारण त्यांचं काम तुम्ही रोज डोळ्यांनी पाहता. कॅमेऱ्यावरच्या मुलीचं काम तुम्ही अजून पाहिलेलं नाही. एवढाच फरक आहे, असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकात टुख्टेनहागेन यांनी ‘हाइमकिंडर’ नावाची मालिका केली. बालगृहात वाढणाऱ्या मुलांवरची, तीही एका बैठकीत न उरकणारी. आणि २००६ मध्ये त्यांच्यावरच एक फिल्म निघाली, क्विंका श्टोएर यांनी केलेली. तिचं नाव ‘त्सुनाइगुंग’. तुमच्या लेकीला विचारा, ती अर्थ सांगेल. मी तरी त्याला जिव्हाळा म्हणेन. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, ही बाई दशकानुदशकं हेच करत आली, आणि लोकांना त्यांच्यावर फिल्म करावीशी वाटली.

पण पोट? इथे लेकीने नीट वाचावं.

टुख्टेनहागेन यांचं एम्डेनसारखं काम उभं राहिलं ते त्यांच्यात जिद्द होती एवढ्याच बळावर नाही. मागे सार्वजनिक वाहिनी होती. जर्मनीत घराघरातून वाहिन्यांसाठी वर्गणी घेतली जाते. आज ती दर घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट आहे. त्या पैशावर एनडीआरसारखी वाहिनी चालते, आणि सत्तरच्या दशकात तिथे असे अधिकारी होते जे दोन माणसांना एका गावात काही महिने राहू देत. जाहिरातदार विचारायला येत नव्हता. मोठ्या माहितीपटामागे ‘थांबायचे पैसे कोण देतंय’ हा प्रश्न नेहमी असतो, आणि करिअरच्या पुस्तिकांत तो कधीच नसतो. आज त्याच जर्मनीत लांब माहितीपट रात्री उशिराच्या वेळेत ढकलले जातात, आणि बहुतेक कॅमेरावाले-कॅमेरावाल्या कामागणिक पैसे घेतात. महिना ठरलेला पगार तिथेही थोड्यांना, इथे तर त्याहून थोड्यांना. आपल्याकडे सरकारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून होती, तीही आता एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात मिसळली. म्हणून माझा हिशेब असा की, माहितीपट हे ध्येय ठेवावं आणि त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचंच दुसरं, रोख काम ठेवावं. कंपन्यांच्या प्रशिक्षणाच्या फिल्म्स, संस्थांचे अहवाल, वाहिन्यांचं बातमीचं काम आणि लग्नं.

आता लग्नाबद्दल, कारण घरात अबोला त्यावरून आहे.

बाळा, हे तुला. तुला ती कामं हलकी वाटतात, कारण ड्रोन, धुराचे फवारे आणि नवरा-नवरीला हळूवार चालायला लावणं तेवढंच तू पाहिलं आहेस. त्यातल्या नाटकाचा मलाही कंटाळा आहे. पण मंगलाष्टकं चालू असताना हातात कॅमेरा घेऊन उभी राहून बघ. भोवती दीडशे माणसं, अक्षता उडताहेत, मामा मुलीला घेऊन येतोय, वाजंत्री कान फाडतेय, तुझ्यासमोर कुणाची तरी मावशी मोबाइल घेऊन आडवी आलीय. शेवटचं ‘सावधान’ होतं आणि अंतरपाट एकदाच बाजूला होतो. भटजींना ‘पुन्हा धरा’ म्हणता येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात तू नवरीवर आहेस, नवऱ्यावर आहेस, की मागे डोळ्याला पदर लावून उभ्या असलेल्या आईवर? हा निर्णय तुझा. एम्डेनच्या सभेत टुख्टेनहागेन यांचा होता तसाच. दहा लग्नं प्रामाणिकपणे कर, आणि दर वेळी आईकडे वळलीस की नाही, याची वही ठेव. एखाद्या महागड्या कार्यशाळेपेक्षा हे जास्त शिकवेल आणि वर पैसे देईल.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. लग्नात पुढे काय होणार हे पत्रिकेत छापलेलं असतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर ते छापलेलं नसतं. तिथपर्यंत जायला लग्न पुरत नाही.

वजनाचं विचारलंत. सत्तरच्या दशकात खांद्यावर घ्यायचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा फिल्म भरून कित्येक किलोंचा होई, आणि चारशे फुटांच्या एका रिळात जेमतेम अकरा मिनिटं मावत. रीळ संपलं की काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, दुसरं भरायचं. ते सगळं बाईंनी केलं. आज चांगला कॅमेरा दीड-दोन किलोंत येतो, त्यामुळे वजन हे कारण मी तरी मानत नाही. खरं तर ते तेव्हाही नव्हतं. टुख्टेनहागेन यांच्याही चाळीस वर्षं आधी, १९३१ ते ३३ मध्ये, फ्रँकफुर्टला एला बेर्गमान-मिखेल नावाच्या चित्रकार बाई किनामो हा हातात मावणारा, किल्ली फिरवून चालणारा कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. बेकारांसाठी बेकारांनीच चालवलेलं स्वयंपाकघर, रस्त्यावरचे फेरीवाले, निवडणुकीच्या दिवसांतलं शहर हे त्यांनी टिपलं. १९३३ मध्ये नाझी आले आणि निवडणुकीची फिल्म अर्धवटच राहिली. त्या बाईंना अडवलं ते काही कॅमेऱ्याच्या वजनाने नाही.

काळजी करायची तर खांद्याची नको, हिंडण्याची करा, आणि ती मी उडवून लावणार नाही. अवेळी परतणं, अनोळखी गावात मुक्काम, ‘मुलगी काय शूट करणार’ म्हणून हसणारे युनिटवाले हे आहे. पण माहितीपटात एक गोष्ट बाईच्या बाजूने जाते : घरात आत जाता येतं. चुलीपाशी बसता येतं. बाहेरच्या खोलीतल्या चर्चेपेक्षा अनेकदा स्वयंपाकघरातलं बोलणं खरं असतं.

जर्मनीला जाण्याबद्दल. चांगल्या शाळा आहेत. बर्लिनची तीच अकादमी, म्युनिकची एचएफएफ (तिथे माहितीपटाचा वेगळा विभाग आहे), पॉट्सडामला बाबेल्सबेर्गची १९५४ पासूनची फिल्मशाळा, कोलोनची कला-माध्यम अकादमी, लुडविग्सबुर्गची फिल्म अकादमी. सरकारी शाळांत शिक्षणशुल्क आपल्या मानाने फार नसतं, पण परदेशी विद्यार्थ्यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. अर्ज करायच्या आधी त्या त्या शाळेच्या पानावर जाऊनच बघायचं, एजंटच्या तोंडून ऐकायचं नाही. शिकवणं बहुतांशी जर्मनमधून. लेकीचं जर्मन व्याकरणाला उत्तम असेलही, पण एम्डेनच्या कामगाराने त्याच्या बोलीत टाकलेला टोमणा कळायला लागेल तेवढं हवं. प्रवेश गुणपत्रिकेवर होत नाही, तिने स्वतः केलेलं काम आणि मुलाखत यावर होतो. आणि जागा मूठभर.

राहण्याचा खर्च मात्र लपवण्यासारखा नाही. व्हिसासाठी एका बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा. तो वाढत जातो. त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण त्यावर सगळा खर्च भागेल असं धरून कर्ज काढू नका. टूलरूमच्या पगारावर, पदवी संपताच जर्मनी हा विचार मी आज तरी बाजूला ठेवीन.

त्याऐवजी पुणं. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, एफटीआयआय ही सरकारी फिल्मशाळा आहे, १९६० पासून. सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, कुठलीही पदवी चालते, म्हणजे जर्मनची बी.ए. वाया जात नाही. प्रवेशपरीक्षा कठीण आहे, पहिल्या फटक्यात न मिळणं हे नेहमीचं. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही त्याच तोलाची. मुलींना तिथे जागा आहे का, असं विचाराल तर सविता सिंग याच पुण्याच्या संस्थेत शिकल्या आणि त्यांच्या छायालेखनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. इथे पाया पक्का झाला, एक-दोन स्वतःच्या फिल्म्स हातात आल्या, की जर्मनीचं दार पुढच्या शिक्षणासाठी, शिष्यवृत्तीने, जास्त सहज उघडतं. तोवर जर्मनची पुढची पातळी चालू ठेवायची. ते सोडू नको, बाळा. जर्मन जाणणारी मराठी कॅमेरावाली एम्डेनची ती सगळी भांडणं मूळ भाषेत ऐकू शकते, हे भाग्य फार थोड्यांचं आहे.

परीक्षेला अजून वेळ आहे, तोवर एक काम देते. ते पाहून मग आपण पुन्हा बोलू.

सातपूरला तुमच्या कारखान्याच्या जवळपास, शिफ्ट बदलताना जिथे माणसं थांबतात, अशी एखादी चहाची टपरी असेलच. कारखान्यात आत जायचं नाही, परवानगीशिवाय कुणाच्या फाटकावर कॅमेरा रोखायचा नाही, सिक्युरिटीशी वाद घालायचा नाही. टपरीवाल्याला आधी सगळं सांगायचं, त्याला नको असेल तर दुसरी टपरी. पहिले तीन दिवस कॅमेरा पिशवीतच. नुसता चहा प्यायचा. मग महिनाभर, आठवड्यातून दोनदा जायचं. नियम एकच : दर वेळी फक्त अकरा मिनिटं, एका रिळाची. मोबाइलवर चालेल. पुसून पुन्हा काढायचं नाही. अकरा मिनिटं कधी खर्च करायची हे तिने ठरवायचं, आणि ती चुकीच्या वेळी खर्च झाली तर त्या दिवशी घरी यायचं.

पण हे एकटीने करायचं काम नाही. टपरीवरचा आवाज मोबाइलच्या माइकमध्ये येत नाही, नुसता रस्त्यावरच्या ट्रकचा गोंगाट येतो. चारपाचशे रुपयांचा तारेचा माइक मिळतो. तो दुसऱ्या फोनला जोडून बोलणाऱ्याच्या जवळ, चौकटीच्या बाहेर धरून कुणीतरी गप्प उभं राहायला हवं. त्या माणसाला तिथली माणसं ओळखत असतील, शिफ्ट कधी सुटते ठाऊक असेल आणि चोवीस वर्षांत कोण काय बोलतंय ते ऐकायची सवय लागली असेल, तर फारच उत्तम. तुमचा साप्ताहिक सुट्टीचा वार कुठला, ते पत्रात लिहायचं राहून गेलं आहे.